सिकलसेलची चाचणी पॉझिटिव्ह आली: पुढे काय करायचे?

यवतमाळ जिल्ह्यात कोलामांच्या पोडापासून तालुक्याच्या महाविद्यालयापर्यंत सिकलसेलच्या तपासण्या होतात. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतला जातो. थोड्या वेळाने आशाताई किंवा सिस्टर सांगतात, ‘पॉझिटिव्ह आहे.’ शिबिराची गाडी निघून जाते आणि प्रश्न घरात उरतात. मुलीचे लग्न जमेल का? पोटातल्या बाळालाही हे होईल का? पोराचे डोळे पिवळे दिसतात ते यामुळेच का? सुनेला दिलेल्या लोहाच्या गोळ्या चालू ठेवायच्या की बंद करायच्या? वाचक हेच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारतात, म्हणून त्यांची उत्तरे इथे एकत्र देत आहोत.

सगळ्यात आधी एक विनंती. ‘पॉझिटिव्ह’ या एका शब्दावर कोणताही निर्णय घेऊ नका. लग्न मोडू नका, गर्भाबद्दल काही ठरवू नका, औषध सुरू किंवा बंद करू नका. आधी पक्का अहवाल हातात घ्या. तो मिळाला की लग्नाच्या बोलणीत, गरोदरपणात आणि डोळ्यांच्या ओपीडीतही तो कागद सोबत ठेवा.

शिबिरातली चाचणी काय सांगते आणि काय सांगत नाही

शिबिरात बहुतेक वेळा सोल्युबिलिटी चाचणी होते. रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही, एवढेच ती सांगते. तुम्ही नुसते वाहक आहात की तुम्हाला आजार आहे, हे तिच्यातून कळत नाही. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

- वाहक (एएस): आई-वडिलांपैकी एकाकडून सिकलचा जनुक आलेला असतो. वाहक माणूस निरोगी असतो. तो शेतात राबू शकतो, संसार करू शकतो आणि त्याला रोजचे औषध लागत नाही.
- रुग्ण (एसएस): दोघांकडूनही जनुक आलेला असतो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, लवकर फुटतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. रक्त कमी होणे, हाडे-सांधे असह्य दुखणे, वरचेवर जंतुसंसर्ग होणे हे सगळे त्यातून येते.
- सिकल-बीटा थॅलेसेमिया: एका पालकाकडून सिकल आणि दुसऱ्याकडून थॅलेसेमियाचा जनुक. हाही आजारच आहे. त्याचा त्रास कधी सौम्य असतो, तर कधी एसएसइतकाच.

यातले नेमके काय आहे, हे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या चाचणीतून कळते. पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाची ही दुसरी चाचणी सरकारी यंत्रणेने मोफत करून देणे अपेक्षित आहे. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पुढच्या चाचणीसाठी नमुना पाठवला का, हे विचारा. काही आठवड्यांत अहवाल आला नाही तर तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, पांढरकवडा, पुसद किंवा दारव्ह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात, नाहीतर यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन चौकशी करा.

काही वेळा चाचणीच फसवते. सहा महिन्यांखालच्या बाळाच्या रक्तात गर्भातले हिमोग्लोबिन भरपूर असते, त्यामुळे सोल्युबिलिटी चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. नुकतेच रक्त चढवलेल्या माणसाच्या शरीरात दुसऱ्याचे रक्त असते, त्यामुळे तेव्हा एचपीएलसीचे आकडेही चुकतात. रक्त चढवून तीन महिने उलटल्यावर चाचणी करा. रक्त चढवणे आणीबाणीचे असेल तर चढवण्याआधीच नमुना काढून ठेवा, असे डॉक्टरांना सांगा.

तिसरी गफलत सगळ्यात महागात पडते. एक जोडीदार सिकलचा वाहक असतो, दुसऱ्याची सोल्युबिलिटी निगेटिव्ह येते आणि घरचे निर्धास्त होतात. पण थॅलेसेमियाचा वाहक या चाचणीत सापडतच नाही. त्याच्यासाठी एचपीएलसीच लागते. म्हणून जोडप्यातला एक जण पॉझिटिव्ह असेल, तर दुसऱ्याची एचपीएलसी झालीच पाहिजे.

‘आमच्यात हा आजार नसतो’

हे वाक्य फार ऐकू येते, आणि ते खरे नाही. भारतात सिकलसेल प्रथम 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये नोंदवला गेला. 1958 मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी लिहिले. तेव्हापासून विदर्भात झालेल्या अभ्यासांत गोंड, कोलाम, परधान या समाजांबरोबरच बौद्ध, तेली, कुणबी अशा अनेक समाजांत हा जनुक सापडला आहे. कोणत्या जातीचे आहात यावरून तपासणी करायची की नाही, हे ठरवू नका.

विदर्भातला सिकलसेल सौम्य असतो, हीदेखील एक जुनी समजूत आहे. भारतातल्या रुग्णांत त्रास कमी करणारे गर्भातले हिमोग्लोबिन जास्त प्रमाणात टिकते, हे खरे. पण नागपूरला जन्मापासून ज्या मुलांचा पाठपुरावा झाला, त्यांच्यातल्या बऱ्याच मुलांना लहानपणीच गंभीर त्रास झाला. ‘वाढत्या वयाचे दुखणे आहे, जाईल’ असे म्हणून थांबू नका.

लग्नाआधी काय पाहायचे

दोघांचे पक्के अहवाल समोर ठेवले की हिशेब सोपा आहे. तो प्रत्येक गरोदरपणाला नव्याने लागू होतो. पहिले मूल निरोगी झाले म्हणून दुसऱ्याचा धोका वाढत नाही की कमीही होत नाही.

- वाहक आणि निरोगी (एए, म्हणजे कोणताही सदोष जनुक नसलेला): एकही मूल सिकलसेलचा रुग्ण होणार नाही. निम्मी शक्यता वाहक मुलाची.
- वाहक आणि वाहक: प्रत्येक वेळी 25 टक्के शक्यता आजारी मुलाची, 50 टक्के वाहकाची, 25 टक्के पूर्ण निरोगी मुलाची.
- वाहक आणि रुग्ण: निम्मी शक्यता आजारी मुलाची.
- रुग्ण आणि निरोगी: सगळी मुले वाहक, आजारी एकही नाही.

म्हणजे वाहक मुलीचे लग्न बेलाशक होऊ शकते. फक्त समोरच्या मुलाची एचपीएलसी आधी झालेली असावी. मुलगा वाहक असेल तर मुलीची. तरीही आपल्याकडे मुलीचा अहवाल मागतात आणि मुलाचा विचारत नाहीत. पुढे आजारी मूल जन्माला आले की ‘सून आजार घेऊन आली’ म्हणून तिला बोल लावतात. एसएस मुलाला निम्मा वाटा बापाकडून आलेला असतो, यात शंकेला जागा नाही. हे घरातल्या वडीलधाऱ्यांना डॉक्टरांच्या किंवा समुपदेशकाच्या तोंडून ऐकवा. सुनेने ते सांगायला लागू नये.

दोघेही वाहक आहेत आणि लग्न झालेले आहे, तर? संसार मोडायचे काहीही कारण नाही. पुढचा भाग तुमच्यासाठीच आहे.

गरोदर राहण्याआधी आणि पहिले तीन महिने

इथे वेळ फार महत्त्वाची आहे, आणि आपल्याकडे तीच निघून जाते. अनेक बायकांची नोंदणी चौथ्या महिन्यात होते, सोल्युबिलिटी पाचव्यात, नवऱ्याची चाचणी सहाव्यात. तोवर बरेच पर्याय हातचे गेलेले असतात.

दोघेही वाहक असतील तर गर्भाची तपासणी करता येते. 11 ते 13 आठवड्यांच्या दरम्यान वारेचा सूक्ष्म तुकडा घेऊन, किंवा 16 आठवड्यांनंतर गर्भजल काढून, गर्भाचा जनुक तपासतात. त्याआधी आई-वडिलांच्या रक्ताची डीएनए तपासणी लागते. ही सोय यवतमाळात प्रत्येक ठिकाणी मिळणार नाही. नागपूरच्या मोठ्या रुग्णालयांत विचारा. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था अशा तपासण्यांसाठी ओळखली जाते. याच परिषदेचे हिमोग्लोबिनच्या विकारांसाठीचे केंद्र चंद्रपूरला डिसेंबर 2022 मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. वणी, मारेगाव, झरी जामणीच्या लोकांना ते जवळ पडते.

उलटा हिशेब मांडा. बाराव्या आठवड्यात तपासणी हवी असेल, तर नवरा-बायको दोघांचे अहवाल आठव्या आठवड्यापर्यंत हातात हवेत. म्हणून पाळी चुकली की लगेच नोंदणी करा आणि नवऱ्याला त्याच दिवशी सोबत न्या. लग्नाआधीच दोघांची चाचणी झाली असेल तर ही धावपळ लागणारच नाही.

कायद्याबद्दल तीन गोष्टी नीट समजून घ्या.

- रक्तविकारासाठी गर्भाची तपासणी कायदेशीर आहे. गर्भाचे लिंग सांगणे किंवा विचारणे हा गुन्हा आहे. अनेक कुटुंबे या दोन गोष्टींची गल्लत करतात आणि भीतीने हक्काची तपासणीही टाळतात.
- गर्भपाताच्या कायद्यात 2021 मध्ये बदल झाला. 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरेसे असते. 20 ते 24 आठवड्यांत ठरावीक परिस्थितीतल्या स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचे मत लागते. त्यानंतर गर्भात गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळ निर्णय देते.
- सज्ञान स्त्रीच्या गर्भपातासाठी कायद्याने फक्त तिची संमती लागते. नवऱ्याची, सासूची नाही. आणि तिने गर्भ ठेवायचे ठरवले तर तिला कोणी भाग पाडू शकत नाही. वेळेवर उपचार मिळालेली एसएस मुले शिकतात, मोठी होतात, संसार करतात. डॉक्टरांनी दोन्ही बाजू सांगाव्यात आणि ठरवायचे तिनेच.

आई स्वतः रुग्ण असेल तर

वाहक आईचे बाळंतपण इतरांसारखेच होते. तिला लघवीच्या जंतुसंसर्गाचा त्रास थोडा जास्त होऊ शकतो, म्हणून लघवीची तपासणी टाळू नये. एसएस असलेल्या आईचे गरोदरपण मात्र जोखमीचे असते. दुखण्याचे झटके वाढतात, रक्त आणखी उतरते, रक्तदाब वाढू शकतो, रक्ताची गुठळी होऊ शकते, बाळ कमी वजनाचे किंवा दिवसांआधी जन्माला येऊ शकते. हे ऐकून घाबरू नका. जपून काय करायचे ते पाहा.

हायड्रॉक्सियुरिया (दुखण्याचे झटके कमी करणारी रोजची गोळी) चालू असेल तर गरोदर राहायच्या विचाराआधी डॉक्टरांना भेटा. गर्भधारणेच्या सुमारे तीन महिने आधी ही गोळी बंद करायला सांगतात. नवरा घेत असेल तर त्यालाही. गोळी घेत असतानाच दिवस गेले, तर घाबरून गर्भपाताकडे धावू नका. गोळी थांबवा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांचा सल्ला घ्या.

लोहाच्या गोळ्यांचा प्रश्न नेहमी विचारला जातो. अंगणवाडीत लाल गोळी मिळते आणि हिमोग्लोबिन आठ दिसले की लोहाचे सलाइन लावायची घाई होते. एसएस रुग्णाचे हिमोग्लोबिन एरवीही सात-आठच्या घरात असते, कारण पेशी लवकर फुटतात. त्यासाठी लोह कमी असायलाच हवे असे नाही. ज्यांना वरचेवर रक्त चढते, त्यांच्या अंगात तर लोह साठलेले असू शकते. म्हणून रुग्ण असलेल्या आईने फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासून, डॉक्टरांनी सांगितल्यावरच लोह घ्यावे. फॉलिक ॲसिड मात्र रोज, आणि डॉक्टर सांगतील त्या जास्त मात्रेत घ्यावे. वाहक आईने नेहमीसारखी लोहाची गोळी घ्यावी. सिकलच्या नावाखाली ती बंद करू नये.

प्रसूती कुठे? जिथे रक्तपेढी, शस्त्रक्रिया आणि नवजात बाळाचा विभाग आहे तिथे. घाटंजीच्या किंवा झरीच्या आडवाटेच्या पोडावर राहणाऱ्या आईने शेवटच्या पंधरवड्यात रुग्णालयाजवळच्या नातेवाइकांकडे येऊन राहिले, तर पावसाळ्यात नाल्याला पूर आला तरी तिचा जीव धोक्यात येत नाही. यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयात किंवा वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात आधीच एकदा नोंदणी करून ठेवा. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत मातृत्व अभियानात गरोदर मातांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. त्या दिवशी ‘जोखमीची माता’ म्हणून तुमची नोंद झाली का, हे पाहा.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातली प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण, नेणे-आणणे सगळे मोफत आहे. गाडीसाठी 102 किंवा 108 लावा. रक्तासाठी ‘बदल्यात रक्तदाता आणा’ असे कोणी सांगितले, तर सिकलसेलच्या रुग्णाला ती अट लागू नाही, हे ठामपणे सांगा.

बाळंतपणानंतर तीन गोष्टी करा. बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन त्याची एचपीएलसी करून घ्या. आईला भरपूर पाणी, ऊब आणि लवकर हालचाल द्या, कारण या दिवसांत गुठळीचा धोका असतो. आणि पाळणा लांबवण्याचे साधन लगेच ठरवा. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारे अंतरा इंजेक्शन एसएस रुग्णांना बहुधा चांगले मानवते, तांबीही चालते. पाळणा लांबवण्यासाठी रोज घ्यायची इस्ट्रोजेनची गोळी गुठळीचा धोका वाढवू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया शिबिरात करायची असेल तर भूल देण्याआधी ‘मी सिकलची रुग्ण आहे’ हे सांगा. भुलीत शरीर थंड पडणे, पाणी कमी पडणे एसएस रुग्णाला घातक ठरते.

आईच्या मनाकडेही लक्ष हवे. सतत दुखणे, आजारी मुलाची काळजी आणि वरून घरातले टोमणे यांनी बाई आतून खचते. झोप उडाली, बाळाकडे पाहावेसे वाटेना, जीव नकोसा झाला असे काही असेल तर 14416 या टेलिमानस क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते.

डोळ्यांकडे दुर्लक्ष नको

सिकलसेल म्हटले की हाडे आणि रक्त आठवते, डोळे कोणाला आठवत नाहीत. पण डोळ्याच्या मागच्या पडद्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या फार बारीक असतात, आणि वाकड्या पेशी तिथेही अडकतात. बंद पडलेल्या वाहिन्यांच्या कडेला नाजूक नव्या वाहिन्या फुटतात, त्या कधीतरी फाटतात आणि डोळ्यात रक्त उतरते. पडदा ओढला जाऊन सुटला तर नजर कायमची जाऊ शकते. त्रास सुरू होईपर्यंत नजर अगदी चांगली असू शकते, आणि धोका तिथेच आहे.

- एसएस आणि सिकल-थॅलेसेमिया असलेल्या मुलाची दहाव्या वर्षापासून बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी करा. सगळे ठीक असेल तर दर एक-दोन वर्षांनी पुन्हा.
- चष्म्याचा नंबर काढला किंवा मोतीबिंदूच्या शिबिरात डोळे दाखवले, म्हणजे पडदा तपासला असे होत नाही. ‘सिकलसेल आहे, पडदा पाहा’ हे स्पष्ट सांगा आणि अहवाल दाखवा.
- तपासणीच्या थेंबांनी काही तास धूसर दिसते. सोबत कोणाला तरी न्या, गाडी चालवत जाऊ नका.
- नाजूक वाहिन्या वेळेत सापडल्या तर लेसरने बंद करता येतात.
- डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगणे, वीज चमकल्यासारखे होणे, पडदा ओढल्यासारखी सावली, अचानक कमी दिसणे यातले काहीही झाले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.

गरोदर राहण्याआधी, निदान पहिल्या तीन महिन्यांत, रुग्ण असलेल्या आईच्या डोळ्यांचा पडदा एकदा तपासून घ्यावा. पुढे डोके जोरात दुखून डोळ्यांपुढे काजवे चमकले, तर मात्र ते डोळ्याचेच दुखणे समजून झोपू नका. ते वाढलेल्या रक्तदाबाचे लक्षण असू शकते. रक्तदाब ताबडतोब मोजा.

वाहकांनो, तुमच्यासाठी डोळ्यांबाबत एकच गोष्ट आहे, पण ती विसरू नका. पऱ्हाटीची काडी, बैलाचे शिंग, विटी असे काही डोळ्याला लागले आणि बुबुळापुढे रक्त साचले, तर वाहकाच्या डोळ्यातही ते रक्त वाकड्या पेशींमुळे अडकून दाब वाढतो आणि डोळ्याची नस दुखावते. हा दाब उतरवायला एरवी दिली जाणारी ॲसिटाझोलामाइडची गोळी सिकल असलेल्यांना त्रासदायक ठरू शकते. म्हणून डोळ्याला मार लागल्यावर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा: मी सिकलचा वाहक आहे.

आता पिवळ्या डोळ्यांबद्दल. एसएस रुग्णाच्या तांबड्या पेशी सतत फुटतात, त्यातून निघणाऱ्या पिवळ्या द्रव्याने डोळे थोडे पिवळे राहतात. गावात लगेच ‘कावीळ झाली’ म्हणून उतारा होतो, झाडपाल्याचे औषध देतात, तेल-हळद बंद करतात. यात मुलाची उपासमार होते, खरा आजार तसाच राहतो. पिवळेपणा नेहमीपेक्षा वाढला, लघवी गडद झाली, ताप आला किंवा पोट दुखले तर मात्र दवाखान्यात जा, कारण खरी कावीळ आणि पित्ताशयातले खडेही या रुग्णांना होतात.

रोजचे औषध आणि रोजचे जपणे

हायड्रॉक्सियुरियाने दुखण्याचे झटके आणि रक्त चढवायची गरज कमी होते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र त्रास असलेल्या मुलांवर कमी, ठरावीक मात्रेचा अभ्यास केला आणि तीही उपयोगी ठरली. हे औषध सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. ते सुरू असताना ठरलेल्या अंतराने रक्त तपासावे लागते, कारण पांढऱ्या पेशी उतरू शकतात. दोन महिने बरे वाटले म्हणून गोळी सोडू नका. तिचा फायदा चालू ठेवण्यातच आहे. लहान मुलांना पेनिसिलिन आणि न्यूमोकोकसची लस विसरू नका.

झटका कशाने येतो हे ओळखले तर निम्मे काम होते. आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो. वावरात असताना पाण्याची बाटली सोबत हवी, तहान लागेपर्यंत थांबू नये. हिवाळ्यात पहाटे दवात भिजत कापूस वेचणे टाळा, ऊन वर आल्यावर जा. हे एसएस रुग्णांना सांगतो आहोत, वाहकांनी एवढे धास्तावायचे कारण नाही. मच्छरदाणी वापरा. वाहकाला मलेरियापासून थोडे संरक्षण असते, पण रुग्णाला मलेरिया जिवावर बेततो.

सांधे दुखतात म्हणून गावात येऊन सुई टोचणाऱ्याकडून इंजेक्शन घेऊ नका. त्यात अनेकदा स्टेरॉइड असते. तात्पुरते बरे वाटते आणि नंतर मोठा झटका येऊ शकतो. वेदनाशामक गोळ्यांचा मारा मूत्रपिंड बिघडवतो, गरोदरपणात तर त्या बाळालाही बाधतात. आणखी एक गोष्ट: जिल्ह्यातल्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. त्यानेही सांधे आखडतात, दातांवर डाग पडतात. दोन्ही कारणे एकाच घरात असू शकतात. डॉक्टरांना पाणी कुठले पिता तेही सांगा.

पुढील गोष्टींत घरी थांबू नका: ताप 101 अंशांवर, छातीत दुखून धाप लागणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे किंवा तोंड वाकडे होणे, मूल अचानक पांढरेफटक पडून पोटाची डावी बाजू (पानथरी) फुगणे, पुरुषाच्या लिंगात चार तासांहून जास्त दुखरी ताठरता. 108 लावा आणि अहवाल सोबत घ्या.

तुमचे हक्क आणि त्यांच्या मर्यादा

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत सिकलसेलचा आजार आहे. वाहकाला हे लागू नाही, हे आधीच लक्षात घ्या. प्रमाणपत्र मिळवून देतो म्हणून पैसे घेणारे दलाल वाहकांनाच गाठतात.

- यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचे ओळखपत्र): ऑनलाइन अर्ज करा, मग वैद्यकीय मंडळापुढे तपासणी होते. एचपीएलसीचा अहवाल, रुग्णालयात भरती झाल्याच्या आणि रक्त चढवल्याच्या नोंदी सोबत हव्यात. त्यावरूनच टक्केवारी ठरते, म्हणून प्रत्येक डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा.
- शिक्षण: 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणात 5 टक्के राखीव जागांसाठी पात्रता मिळते. दहावी-बारावीच्या परीक्षेतल्या सवलतींसाठी शाळेमार्फत वर्षाच्या सुरुवातीलाच अर्ज करा. आजारपणाच्या गैरहजेरीचे कागदही शाळेत द्या.
- नोकरी: सरकारी नोकरीतल्या 4 टक्के आरक्षणाच्या यादीत रक्तविकार नाहीत. कोणी तसे आश्वासन देत असेल तर ते खोटे आहे.
- प्रवास: सिकलसेलच्या रुग्णांना एसटीच्या प्रवासात सवलत आहे. वैद्यकीय प्रमाणपत्र घेऊन आगारात नियम विचारा.
- आर्थिक मदत: दिव्यांगत्व आणि उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करा.

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी करून कार्ड देतात. कार्ड मिळाले असेल तर त्यावर फक्त ‘तपासणी झाली’ लिहिले आहे की एए, एएस, एसएस असा निकाल आहे, ते पाहा. निकाल नसेल तर तो मागून लिहून घ्या. कार्डाचा आणि एचपीएलसीच्या अहवालाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. मुलगी सासरी जाताना मूळ कागद तिच्याकडे द्या, माहेरच्या पेटीत ठेवू नका.

तुमचा अहवाल ही तुमची खासगी बाब आहे. ग्रामसभेत, वर्गात किंवा गावच्या व्हॉट्सॲप गटावर पॉझिटिव्ह लोकांची नावे वाचून दाखवायचा अधिकार कोणालाही नाही. तसे घडले तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. औषध संपले, नमुना हरवला, रक्त नाकारले अशा वेळीही तोंडी भांडण्यापेक्षा तारीख, वेळ आणि केंद्राचे नाव लिहून अर्ज द्या. त्याची एक प्रत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना पाठवा. अर्ज लिहायला आशाताई, ग्रामपंचायत किंवा शाळेतले शिक्षक मदत करू शकतात, आणि त्यासाठी कोणालाही पैसे द्यावे लागत नाहीत.